‘टाकी काढा’ : दोन शब्दांचं काम

माझ्या मोटरसायकलच्या मॅन्युअलमध्ये चौथ्या पायरीला एवढंच होतं : ‘टाकी काढा.’ या दोन शब्दांना मला दोन तास चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात एकदा चहा झाला, एकदा बायकोशी वाजलं (विषय वेगळा होता, कारण टाकीच होती) आणि वॉचमनकाकांनी आपणहून बिडी विझवली.

गाडी युरोपियन. एक सिलिंडर, चार व्हॉल्व्ह, लिक्विड कूल्ड. कंपनीचं नाव घेत नाही. पार्किंगमध्ये बसून मी तिला ज्या नावांनी हाक मारली ती तर अजिबातच सांगत नाही. सेकंडहँड घेतली होती, आता ३१ हजार किलोमीटर झालेत. गेल्या डिसेंबरात सकाळी स्टार्टर मारला की नुसती घरघर. चार-पाच वेळा मारल्यावर लागायची, लागली की दोन मिनिटं खोकायची, आणि एकदा गरम झाली की जणू काही झालंच नाही अशा थाटात चालायची. बॅटरी नवी होती, पेट्रोल बरोबर येत होतं. संशय टॅपेटवर, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांमधल्या फटीवर आला.

सर्व्हिस सेंटरला विचारलं. काउंटरवरचा मुलगा फार अदबीनं बोलला. उघडून बघायचे अठरा हजार, शिम (ती फट ठरवणाऱ्या चकत्या) बदलाव्या लागल्या तर त्यांचे वेगळे, आणि शिम यायला महिना-दीड महिना. तोवर गाडी उघडीच ठेवायची का, असं विचारलं तर म्हणाला, ‘हो सर, इथेच राहील, काळजी नको.’ मी घरी आलो आणि टॉर्क्सच्या पान्यांचा सेट मागवला.

आमच्या घरात आपली गाडी आपणच उघडायची रीत जुनी आहे. बाबांच्या चेतकला सगळ्या आजारांवर तीनच औषधं : प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा, जेटमध्ये फुंकर मारायची, आणि तरीही नाहीच लागली तर तिरकी करून पुन्हा किक. आणि चेतकही तशी परदेशीच बरं का. १९७२ मध्ये आली तेव्हा अंगकाठी सगळी व्हेस्पा स्प्रिंटची. म्हणजे इटालियन वंशाची गाडी रस्त्याच्या कडेला, पावसात, ऑफिसचे कपडे न मळवता उघडता येत होती, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. मधल्या पन्नास वर्षांत काय झालं ते मला त्या शनिवारी कळलं.

आधी सीट. सीटखालचे दोन स्क्रू काढल्याशिवाय बाजूची पॅनल निघत नाहीत. बाजूची पॅनल निघाल्याशिवाय पुढची निघत नाहीत, आणि पुढच्या पॅनलच्या आत एक प्लास्टिकची खिट्टी असते. ती कुठे आहे हे माहीत असलेल्यालाच दिसते. एकूण २३ स्क्रू, चार लांबींचे. मी अंड्यांचा रिकामा ट्रे घेतला होता आणि प्रत्येक खळग्यावर मार्करनं नंबर टाकला होता. या सगळ्या प्रकरणात मी केलेली एवढी एकच गोष्ट पहिल्या फटक्यात बरोबर निघाली.

स्क्रू सगळे टॉर्क्सचे, सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचे. याचं खापर युरोपवर फोडायची सोय नाही, ती खाच १९६७ मध्ये अमेरिकेत निघाली. आणि खाच चांगलीच आहे, पाना सहसा घसरत नाही. पण आधीच्या मालकानं की त्याच्या मेकॅनिकनं दोन स्क्रूंमध्ये बहुतेक ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी कोंबली होती. त्यांच्या खाचा गुळगुळीत. त्यातला एक निघाला. दुसऱ्याला सोल्डरिंग आयर्न टेकवून पाच मिनिटं तापवला, कारण खाली निळं लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद होता. मग हळूच कुरकुरत सुटला, आणि सुटला तो थेट माझ्या बोटांतून आत पडला. टिंग. मग आणखी खाली, टिक. मग शांतता.

दांडीवालं मॅग्नेट आत घालून वीस मिनिटं ढवळलं. मग डोक्यात प्रकाश पडला. स्टेनलेसचा स्क्रू होता. हे असले स्क्रू मॅग्नेटला दाद देत नाहीत. गाडी दोन्ही बाजूंना झुकवली, खालून टॉर्च मारला, शेजारच्यांच्या मुलाला त्याचे बारीक हात म्हणून बोलावलं. नाहीच मिळाला.

टाकीखाली पेट्रोलच्या पाइपला प्लास्टिकचं कनेक्टर असतं. दोन्ही बाजूंची बटणं एकदम दाबून ओढायचं. दोन बोटं जातील एवढीच जागा, आणि ओढायला तिसरं बोट लागतं. निघालं तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत पेट्रोल. बिडी विझली ती तेव्हा.

खरं सांगायचं तर टॅपेटचं काम अवघड नाही. व्हॉल्व्ह दाबणारा कॅम आणि व्हॉल्व्हच्या डोक्यावरची टोपी, म्हणजे बकेट, यांच्यात केसाएवढी फट लागते. गाडी तापली की व्हॉल्व्हची दांडी लांबते, तिला तेवढी जागा हवी. जुन्या बुलेटवाल्यांना आणि स्प्लेंडरवाल्यांना हे माहीत असतं. त्यांच्याकडे स्क्रू फिरवून, नट आवळून काम भागतं. माझ्या गाडीत स्क्रू नाही. बकेटखाली गोळीएवढी एक पोलादी चकती असते, ती शिम. फट बदलायची तर चकती बदलायची, आणि चकती बदलायची तर कॅमशाफ्ट उचलायचे. शिवाय टॅपेट सैल झाले की टकटक वाजतं, माणूस सावध होतो. इथे उलटं. व्हॉल्व्हची सीट झिजते तसा व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट कमी कमी होत जाते. आवाज काहीच नाही. एक दिवस व्हॉल्व्ह पुरता मिटेनासा होतो, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं, आणि मग डिसेंबरातली घरघर.

संध्याकाळी साडेसहाला व्हॉल्व्हवरचं कव्हर काढलं. प्लग काढला, गाडी सहाव्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं फिरवत पिस्टन वर आणला आणि फीलर गेजची (फट मोजायची, ठरावीक जाडीची) पट्टी लावली. एक्झॉस्टला ०.१५ ते ०.२० मिलिमीटर हवं. ०.१५ जाईना. ०.१० जाईना. ०.०५ची, जी वाऱ्यानंही वाकते, तीही जाईना. इनटेकलाही तेच. चारही व्हॉल्व्ह शून्य! वर जाऊन जेवलो, पण काय जेवलो ते आठवत नाही. नवीन हेडची, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात त्या इंजिनच्या वरच्या भागाची किंमत शोधत एक वाजेपर्यंत जागा होतो.

सकाळी बाबा खाली आले. ते पिंपरीच्या एका कारखान्यात ३२ वर्षं टूलरूमला होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी कुठलीही वस्तू हातात घेताना आधी कडेवरून अंगठा फिरवतात.

‘कुठल्या टीडीसीला मोजलंस?’

‘टीडीसी म्हणजे टीडीसी. पिस्टन वर.’

‘पिस्टन दोनदा वर येतो रे.’

मी गप्प. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँक दोनदा फिरते तेव्हा कॅम एकदा फिरतो, हे आठवीपासून पाठ आहे. पिस्टन एकदा कॉम्प्रेशनला वर येतो, तेव्हा सगळे व्हॉल्व्ह मिटलेले. दुसऱ्यांदा धूर बाहेर ढकलत येतो, तेव्हा एक्झॉस्ट मिटायचा असतो आणि इनटेक उघडू लागलेला असतो. मी नेमका त्या दुसऱ्या वेळी पट्टी घालत बसलो होतो. कॅमनंच बकेट दाबून धरलेली, मग पट्टी जाणार कुठून?

चाक फिरवून क्रँकचा आणखी एक फेरा पूर्ण केला. कॅमची टोकं एकमेकांकडे पाठ करून उभी राहिली. इनटेक दोन्ही बरोबर निघाले. एक्झॉस्टचे ०.०५ आणि ०.०८. म्हणजे घट्ट होतेच, पण हेड शाबूत. पट्टी मला एकदा सैल वाटे, एकदा घट्ट. बाबांनी हातातून घेतली आणि म्हणाले, ‘ओढताना खाली काहीतरी आहे असं बोटाला कळलं पाहिजे. भाकरीखालून उलथनं सरकवतो ना, तव्याला लागलेलं कळतं, तसं.’ त्यानंतर आमच्या दोघांची मापं जुळायला लागली.

कॅम उचलण्याआधी कॅम फिरवणाऱ्या चेनचा टेन्शनर सैल केला, चेन खाली जाऊ नये म्हणून तारेनं फ्रेमला बांधली, आणि चेनच्या विहिरीत जुन्या बनियनचा बोळा कोंबला. एक्झॉस्टची पहिली बकेट मॅग्नेटनं वर घेतली. शिम तिच्या पोटाला तेलानं चिकटून आली होती. हे मला माहीत होतं, तरी लक्ष गेलं नाही. बकेट कागदावर ठेवायला हात वळवला आणि शिम घसरली. हेडच्या कडेवर एकदा आपटली, उभी राहिली, गाडीच्या चाकासारखी दोन इंच पळाली आणि थेट विहिरीकडे गेली. बनियनवर पडली. बोळा नसता तर खालचं कव्हर उघडावं लागलं असतं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त बोळा आणखी थोडा आत दाबला.

त्यांचा मायक्रोमीटर हिरव्या फेल्टच्या पेटीत असतो. शिम निघाल्या २.८५ आणि २.८०. हिशोब बेरीज-वजाबाकीचाच आहे : जुनी शिम, अधिक मोजलेली फट, वजा हवी असलेली फट. पहिल्याला २.७० बसवली तर फट ०.२०, दुसऱ्याला २.७० तर ०.१८. दोन्ही सारख्याच, २.७०च्या. पहिला अगदी वरच्या टोकाला जात होता. पण झिजेल तसा तो घट्टच होणार, तेव्हा तिथून सुरुवात केलेली बरी.

सोमवारी हाफ डे टाकून पुण्याच्या नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांत गेलो. पहिल्या तीन दुकानांत गाडीचं नाव सांगितलं आणि तिघांनी हात जोडले. चौथ्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ होते.

‘गाडीचं नाव राहू द्या. चकती आणलीय का?’

आणली होती. त्यांनी व्हर्निअर लावला. ‘साडेनऊला दोन कमी. ९.४८. ही तर जपानी गाड्यांनाही चालते.’ मागून एक कप्प्यांचा डबा काढला. ‘केवढी जाड पाहिजे?’

२.७०च्या तीन घेतल्या. घरी मोजल्या तर दोन तंतोतंत आणि एक २.६८. म्हणून तीन. शोरूमचा महिना-दीड महिना आणि नाना पेठेतली दहा मिनिटं. फरक एवढाच की शोरूमला गाडीचं नाव माहीत होतं आणि त्या गृहस्थांना चकतीचा व्यास.

जोडणी त्या मानानं सरळ झाली. मोठा टॉर्क रेंच होता, पण तो ११० न्यूटन-मीटरचा. खालच्या टोकाला, दहाच्या आसपास त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की गेले. म्हणून ५ ते २५चा छोटा घेतला. त्याचे पैसे मी घरच्या हिशोबात ‘किरकोळ’मध्ये टाकले आहेत. इंजिन हातानं पूर्ण दोन फेरे फिरवलं, खुणा जुळवल्या, फटी परत मोजल्या. ०.२० आणि ०.१८. नवा प्लग घातला, टाकी, पॅनल, २२ स्क्रू. तेविसाव्याच्या जागी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडचा साधा ॲलन बोल्ट. बटण दाबलं. पहिल्या झटक्यात लागली! आता याचं श्रेय शिमचं की प्लगचं, हे मला सांगता येणार नाही, कारण दोन्ही एकदमच बदलले. हे असं करू नये, हे मला माहीत आहे.

आनंद साधारण बारा किलोमीटर टिकला. चांदणी चौकाच्या पुढे थांबून बघितलं तर हेडच्या उजव्या कोपऱ्यातून तेल पाझरत होतं. कव्हर फ्रेमखालून सरकवताना रबरी गॅस्केट अर्धचंद्राच्या जागी खोबणीतून निसटून चिमटलं होतं. म्हणजे परत, पहिल्या पायरीपासून. सीट, बाजूची पॅनल, पुढची पॅनल, खिट्टी, टाकी. गॅस्केट पुसून ग्रीसनं खोबणीत बसवलं, कोपऱ्यांना सीलंटचा ठिपका दिला आणि कव्हर आत घालताना बाबांनी दुसऱ्या बाजूनं टॉर्च धरला. या वेळी टाकी काढायला २५ मिनिटं लागली. मॅन्युअल लिहिणाऱ्यानं बहुतेक ती चारशेव्यांदा काढली असावी.

राहता राहिला मीटरवरचा ‘सर्व्हिस’चा दिवा. तो विझवायला गाडीला कॉम्प्युटर जोडावा लागतो. कारला असतो तो सोळा पिनांचा प्लग हिला नाही, हिचा सहा पिनांचा. म्हणजे ब्लूटूथचं डबडं वेगळं, मधली केबल वेगळी, ॲपचे पैसे वेगळे. या एका बाबतीत मी कुणालाही माफ करायला तयार नाही. इंजिन दाटीवाटीनं बसवलंय ते समजू शकतो. गाडी गुडघ्यांमध्ये सडपातळ लागायची तर सगळं एकावर एक रचावंच लागणार. पण दिवा विझवायला कुलूप कशाला? केबल अकरा दिवसांनी आली, दिवा चार सेकंदांत विझला.

हरवलेल्या स्क्रूचं मात्र मनातून जात नव्हतं. त्या काळ्या पॅनलवर तो चांदीसारखा ॲलन बोल्ट रोज डोळ्यांत खुपायचा. अस्सल स्क्रू सुटा मिळत नाही, दहाचं पाकीट घ्यावं लागतं. घेतलं. एक लावला. फेब्रुवारीत गाडी धुवायला टाकली होती. धुणाऱ्या मुलानं इंजिनखाली प्रेशर गन मारली, फरशीवर काहीतरी वाजलं आणि त्यानं उचलून माझ्या हातावर ठेवलं. ‘साहेब, तुमचाच आहे ना?’ खाच गुळगुळीत झालेला, आट्यांत अजून निळं लॉकटाइट. आता माझ्याकडे अकरा आहेत.