शिट्टीविना राजमा
आज सकाळी स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, राजमा लावून मी नेरुळहून ठाण्याची लोकल पकडली आणि संध्याकाळी पावसात भिजून परतताना जिन्यातच आल्या-लसणाचा वास आला, तेव्हा दिवसभराचा वैताग ओसरला. रात्रभर भिजवलेला राजमा मी आधी गॅसवर १० मिनिटे खळखळून उकळून घेते, कारण कच्च्या राजम्यातील फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी द्रव्य नुसत्या मंद आचेवर नष्ट होईलच असे नाही. झाकण बंद राहत असल्याने पाणी फारसे आटत नाही, म्हणून ते बेतानेच घातले होते. मे महिन्यात ओट्यापाशी घाम गाळावा लागत नाही, हे सुख वेगळेच. सासूबाईंनी एक दाणा बोटांनी चिरडून पाहिला आणि "शिट्टीशिवाय शिजला, हे काही खरे वाटत नाही," असे म्हणत दुसऱ्यांदा वाढून घेतला.