३१ जानेवारीला काय झालं होतं?

पणजीत फोंतेन्हासला राहणाऱ्याला पाहुण्यांचे दोन प्रश्न चुकत नाहीत. पहिला, गाडी कुठे लावायची. दुसरा कोपऱ्यावरच्या निळ्या-पांढऱ्या फरशीवर 'रुआ ३१ द जनेइरो' हे नाव वाचून येतो : "हा ३१ जानेवारी रस्ता म्हणजे काय हो? काय झालं होतं त्या दिवशी?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याचं आहे, पण ते हातात पावाची पिशवी घेऊन उभ्या उभ्या सांगता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा बसून लिहितो.

आधी चुकीचं उत्तर निकालात काढू. पोर्तुगाल स्पेनच्या अमलातून सुटला तो हा दिवस, असं पुष्कळ गाईड सांगतात. मीही पुण्याच्या पाहुण्यांना वर्षानुवर्षं तेच ठोकून देत होतो. एकदा लिस्बनहून आलेल्या एक वयस्कर बाई शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. माझं इंग्रजी पुराण संपल्यावर त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ते १ डिसेंबर, १६४० सालचं. हे पोर्तोचं." पाहुण्यांसमोर झाली ती शोभा झाली, पण त्या निमित्ताने मी वाचायला लागलो.

तर पोर्तो, पोर्तुगालच्या उत्तरेचं शहर. १८९१ सालच्या ३१ जानेवारीची पहाट. सैन्यातले काही शिपाई आणि सार्जंट, तीनचार अधिकारी, मागे गावातले लोक. वाजतगाजत ते नगरपालिकेच्या चौकात उतरले आणि गच्चीवरून एका वकिलाने, आल्वेश द व्हेगाने, प्रजासत्ताक जाहीर केलं. लाल-हिरवा झेंडा चढला. मग तारघर ताब्यात घ्यायला ही मिरवणूक सांतु आंतोनियो नावाच्या चढावाच्या रस्त्याला लागली. चढ संपतो तिथे चर्चच्या पायऱ्यांवर राजाचे शिपाई बंदुका रोखून बसले होते. पुढचं सांगायला नको. प्रजासत्ताक सकाळी जन्मलं आणि दुपारपर्यंत संपलं. बंडवाल्यांवर खटले चालले ते किनाऱ्यापासून दूर, जहाजांवर, आणि शिक्षा झालेल्यांपैकी बऱ्याच जणांची रवानगी आफ्रिकेत झाली.

हे लोक इतके का पेटले होते? त्याचं कारण गोव्यात बसून वाचताना मला जरा टोचतं. अंगोला आणि मोझांबिक यांच्या मधला सगळा पट्टा आपलाच, असा नकाशा पोर्तुगालने गुलाबी रंगात रंगवून ठेवला होता. तो पट्टा इंग्रजांना हवा होता. ११ जानेवारी १८९० ला लंडनहून धमकीचा खलिता आला, तिथलं सैन्य मागे घ्या. राजा कार्लुशचं सरकार एका दिवसात नमलं. लिस्बनच्या रस्त्यांवर संताप उसळला आणि राजाने देशाचं नाक कापलं, ही भावना रिपब्लिकन पक्षाने वीस वर्षं विझू दिली नाही. म्हणजे राजा दुसऱ्यांच्या जमिनीवर बसलाय याचा हा राग नव्हता. त्याने ती हातची घालवली, याचा होता.

वीस वर्षांत तेल ओतायला आणखी बरंच होतं. राजवाड्याने तिजोरीतून उचललेल्या आगाऊ रकमा, संसदेला बाजूला सारून चाललेला पंतप्रधान ज्वांव फ्रांकूचा कारभार, आणि कार्बोनारिया ही गुप्त संघटना. १ फेब्रुवारी १९०८ ला लिस्बनच्या नदीकाठच्या भव्य चौकात राजा कार्लुश आणि युवराज यांना उघड्या बग्गीत गोळ्या घातल्या गेल्या. राणी आमेलीने हातातल्या फुलांच्या गुच्छाने मारेकऱ्याला झोडपलं म्हणतात. धाकटा मानुएल दंडावर गोळी लागूनही वाचला आणि अठराव्या वर्षी राजा झाला.

आता १९१०, आणि इथे मला थोडं रेंगाळू द्या, कारण यशस्वी क्रांती इतकी गबाळी असू शकते हे मला आधी माहीत नव्हतं. ३ ऑक्टोबरला रिपब्लिकनांचे एक पुढारी डॉ. मिगेल बोंबार्दा यांना त्यांच्याच एका मनोरुग्णाने गोळी घातली. ते मनोविकारतज्ज्ञ होते. त्याच रात्री उठाव ठरला. नौदलाची धुरा ॲडमिरल कांदिदु दुश रेश यांच्याकडे. काही तासांत त्यांना वाटलं सगळं फसलं, आणि पहाटे त्यांनी स्वतःवर पिस्तूल चालवलं. ती बातमी रोटुंदा या चौकात मोर्चा धरून बसलेल्या बंडखोरांपर्यंत पोचली तेव्हा तिथले बहुतेक अधिकारी घरी निघून गेले. राहिला माशादु सांतुश. हा नौदलात, पण तोफा डागणाऱ्यांतला नव्हे. हिशेब आणि सामानसुमान बघणाऱ्या खात्यातला माणूस! काही सार्जंट, काहीशे शिपाई आणि शस्त्रं मिळवून आलेले साधे नागरिक यांना घेऊन तो हटून बसला. ४ तारखेला नदीतल्या बंडखोर युद्धनौकांनी राजवाड्यावर तोफा डागल्या आणि राजा लिस्बनबाहेर माफ्राला निघून गेला.

तरी राजाची फौज शहरात होतीच. ५ तारखेच्या सकाळी जर्मन वकिलातीच्या अधिकाऱ्याने परदेशी लोकांना बाहेर काढण्यापुरता युद्धविराम मागितला आणि पांढरं निशाण घेऊन तो रोटुंदाकडे निघाला. लोकांनी निशाण पाहिलं आणि समजले, राजाची माणसं शरण आली! घराघरांतून माणसं बाहेर पडली, शिपायांच्या गळ्यात पडली. एवढ्या गर्दीवर गोळी कोण झाडणार? नऊच्या सुमारास नगरपालिकेच्या गच्चीवरून रिपब्लिकन पुढारी जुझे रेल्व्हशने प्रजासत्ताक जाहीर केलं. या वेळी ते दुपारनंतरही टिकलं. गावोगावी ही खबर गेली ती तारेने. तेव्हा 'जनतेची क्रांती' म्हणताना ती मुख्यतः लिस्बनच्या जनतेची, एवढं लक्षात ठेवावं. त्याच दिवशी वीस वर्षांचा राजा, त्याची आई आणि आजी एरिसेरा गावच्या किनाऱ्यावरून कोळ्यांच्या होड्यांत बसून बोटीवर गेले. तो परत आला नाही. १९३२ मध्ये इंग्लंडात वारला.

पुढच्या सोळा वर्षांत आठ राष्ट्राध्यक्ष आणि सुमारे पंचेचाळीस सरकारं झाली. मतदानाच्या कायद्यात 'साक्षर किंवा कुटुंबप्रमुख' असं लिहिलं होतं, पुरुषच असं लिहायचं राहिलं होतं. कारोलीना आंजेलू ही विधवा डॉक्टर बाई त्या फटीतून १९११ ला मत देऊन आली. १९१३ मध्ये फट बुजवली. प्रजासत्ताकही किती चपळ असतं बघा.

आमच्याकडे काय झालं ते सांगितलं नाही तर उत्तर अर्धंच राहील. राजेशाहीत कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म होता. एप्रिल १९११ च्या कायद्याने राज्य आणि चर्च वेगळं केलं, आणि गोव्यातल्या हिंदूंना सरकारी नोकरीत, शिक्षणात बरोबरीने उभं राहण्याची वाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली. घटस्फोटाचा कायदा ३ नोव्हेंबर १९१० चा, प्रजासत्ताकाला महिनाही झाला नव्हता. २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, लग्न हा करार आहे असं सांगणारा कायदा आला. माझ्या पुतणीच्या लग्नात मुंबईची मंडळी बुचकळ्यात पडली होती, मुहूर्त महिन्यावर आणि 'सह्या झाल्या' म्हणून पेढे आधीच कसे? गोव्यात आधी रजिस्ट्रारसमोर सह्या, मग अंतरपाट. तिच्या त्या सहीचा धागा लिस्बनच्या त्या गच्चीपर्यंत जातो.

माझे आजोबा मात्र एवढंच म्हणायचे, "पाकल्यांनी आपला राजा हाकलला, आमचा ठेवला." पाकले म्हणजे पोर्तुगीज. वसाहती सोडायचा विचार त्या प्रजासत्ताकाच्या मनातही आला नाही. गोव्याचे पत्रकार लुईश द मेनेझिश ब्रागांझांनी १९११ मध्ये 'ओ देबात' हे वृत्तपत्र काढलं ते रिपब्लिकन विचारांचं वारं अंगात भरून. १९२६ ला लष्कराने ते प्रजासत्ताक मोडलं, पुढे हुकूमशहा झालेला सालाझार आला, आणि १९३० मध्ये वसाहतींना पक्कं बांधून ठेवणारा कायदा झाला. तेव्हा याच ब्रागांझांनी पणजीच्या सरकारी मंडळात उभं राहून गोव्याला स्वयंनिर्णयाचा हक्क आहे असा ठराव मांडला. पुढची एकतीस वर्षं तुम्हाला माहीत आहेत.

पोर्तोतल्या त्या चढाच्या रस्त्याला १९१० नंतर '३१ जानेवारी' नाव मिळालं. सालाझारच्या राजवटीत पाटी उतरली आणि सांतु आंतोनियो परत आले. १९७४ ला ती राजवट पडल्यावर पुन्हा '३१ जानेवारी' लागलं. आमच्या रस्त्यावर तीच तारीख अजून आहे, फरशीचा एक कोपरा तेवढा उडालाय.