वाक्य कुठे संपतं?

इंग्रजी वाक्य पूर्ण आहे की नाही, हे लांबीवरून ठरवायला गेलात तर हमखास फसाल. ‘गो.’ हे पुरं वाक्य आहे. आज्ञार्थात ‘यू’ अध्याहृत असतो. उलट ‘द ओल्ड मॅन सिटिंग अंडर द ट्री’ एवढं ऐसपैस पसरूनही अर्धवट. ‘सिटिंग’ला आधी ‘इज’ किंवा ‘वॉज’ मिळाल्याशिवाय ते वाक्य पेलत नाही.

मराठी माणसाची गोची होते ती ‘बिकॉज’पाशी. ‘मी गेलो नाही. कारण पाऊस होता.’ हे आपल्याकडे बिनतक्रार चालतं. त्याच चालीवर ‘आय डिडन्ट गो. बिकॉज इट वॉज रेनिंग.’ लिहिलं की दुसरा तुकडा लोंबकळत राहतो. त्यात कर्ता आहे, क्रियापद आहे, पण ‘बिकॉज’मुळे ते गौणवाक्य झालंय आणि गौणवाक्याला मुख्य वाक्याचा आधार लागतो. म्हणून ‘बिकॉज’ने सुरुवातच करू नका, असं शाळेत बजावतात तेही जरा अतीच. ‘बिकॉज इट वॉज रेनिंग, आय डिडन्ट गो’ यात खोट काढून दाखवा!

रन-ऑनचंही, म्हणजे दोन पुरी वाक्यं मधे योग्य सांधा न देता एकाला एक चिकटवण्याचंही, तसंच. ‘इट रेन्ड वी लेफ्ट’ हे चार शब्दांतलं रन-ऑन. मधे नुसता स्वल्पविराम टाकून भागत नाही. मराठीत तो खपून जातो, इंग्रजीत चूक धरतात. तिथे पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, नाहीतर स्वल्पविरामापुढे ‘सो’ घाला. ‘व्हेन इट रेन्ड, वी लेफ्ट’ हे त्याहून छान, दोन घटनांचं नातं त्यात उघड होतं.

स्वल्पविरामासोबत हे काम करणारी अव्ययं सात: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. ‘हाउएव्हर’ त्यांत नाही, आणि भलेभले घसरतात ते इथेच. ‘इट वॉज लेट, हाउएव्हर, वी स्टेड’ यात ‘हाउएव्हर’ मागच्याचं की पुढच्याचं? ‘लेट’नंतर अर्धविराम दिला की प्रश्न मिटला.

शंका आली तर वाक्याआधी ‘आय थिंक दॅट’ लावून मोठ्याने वाचा. ‘आय थिंक दॅट इट वॉज लेट’ सरळ जातं. ‘आय थिंक दॅट बिकॉज इट वॉज रेनिंग’ अधांतरी थांबतं. आज्ञा आणि प्रश्नांना ही चाचणी लागू नाही. रन-ऑनसाठी वाक्याचा हो-नाही प्रश्न करून बघा. ‘डिड इट रेन? डिड वी लीव्ह?’ असे दोन प्रश्न निघाले, की त्या दोघांच्या सांध्यात काय बसवलंय ते तपासा.