जानेवारीत बदकांमागे कशाला जाता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. तसा हा प्रश्न मला दर वर्षी येतो. पुण्याची मावशी फोनवर म्हणते, "अरे, एवढ्या थंडीत त्या बदकांच्या मागे कशाला जातोस?" इथे अमेरिकेत मराठी मंडळाच्या संक्रांतीला हातावर तिळगूळ ठेवता ठेवता कुणीतरी हळूच विषय काढतं. परवा तुम्ही मात्र सरळच विचारलंत, पक्ष्याचा जीव घेण्यात आनंद कसला? आजवर मी "आवडतं" एवढं म्हणून बोलणं दुसरीकडे वळवत आलो. तुम्हाला तसं उत्तर द्यावंसं वाटत नाही.

आधी जागा सांगतो, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. मेरीलँडमध्ये चेसापीक उपसागराच्या पूर्वेला डॉर्चेस्टर नावाची काउंटी आहे. सगळी सपाट आणि निम्मी पाण्यात. कोकणातली खाजणं पाहिली असतील तर अंदाज येईल, फक्त इथे खारफुटीऐवजी मैलोन् मैल गवत आणि कडेला पाइनची झाडं. त्यातल्या फिशिंग बेच्या सरकारी दलदलीत परवाना असलेल्या कुणालाही शिकारीला जाता येतं. माझ्या घरापासून दीड तास. बदकांचा हंगाम ऑक्टोबरपासून तुकड्यातुकड्यांनी चालतो आणि ३१ जानेवारीच्या पुढे जात नाही. मी जातो ते या शेवटच्या दोन आठवड्यांत.

कारण तोवर गर्दी ओसरलेली असते. आणि तोवर उरलेली बदकं कॅनडाच्या माळापासून इथवर बंदुका चुकवत आलेली असतात. त्यांना भुलवायला पाण्यावर पन्नास नकली बदकं मांडून बसलात तर ती लांबूनच वळसा घालून जातात. म्हणून मी सहाच मांडतो. सहा नकली बदकं, बारा बोअरची जुनी दुनळी, खिशात मावतील एवढी काडतुसं, थर्मासमध्ये चहा, आणि मिरी. एका छोट्या होडीत एवढं मावतं आणि तेवढंच पुरतं.

मिरी म्हणजे माझी काळी लॅब्रॅडोर कुत्री. काळ्या मिरीसारखी होती पिल्लू असताना, म्हणून मिरी. सात वर्षांची झाली, हनुवटी पांढरी व्हायला लागलीय. तिला मी मराठीतच शिकवलं. बस. थांब. आण. इथले शिकारी हसतात, पण तिला "आण" म्हटलं की जे कळतं ते कुठल्याच भाषेत मला दुसऱ्या कुणाला इतकं नीट सांगता आलेलं नाही.

खरं उत्तर तिच्यापाशीच आहे.

मागच्या जानेवारीतला शेवटचा शनिवार. उणे सहा. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडायला परवानगी असते, म्हणजे पावणेसात. आम्ही सहालाच गवताच्या लपणात बसलो होतो. तासभर काहीच नाही. मिरी माझ्या गुडघ्याला टेकून बसलेली, अंगावर रबरी जॅकेट, आणि थरथरत होती. नवख्याला वाटेल थंडीने. थंडीची थरथर वेगळी असते, ती सगळ्या अंगाला एकदम लागते. ही मानेपासून सुरू होऊन खांद्यात थांबते, आणि तेव्हा तिचे कान एका दिशेला वळलेले असतात. मला काही दिसायच्या आधी तिला ऐकू आलेलं असतं. मी आता आभाळाकडे बघतच नाही, तिच्याकडे बघतो.

तिने डावीकडे मान वळवली. गॅडवॉल जातीची दोन बदकं, नर आणि मादी, वाऱ्याविरुद्ध खाली येत होती. गॅडवॉलचा नर लांबून नुसता राखाडी वाटतो; जवळून पाहिलात तर छातीवर बारीक खवल्यांची नक्षी असते, शेपटीखाली गडद काळा रंग आणि पंखात पांढरा चौकोन. मी नरावर नेम धरला. पहिली गोळी मागे पडली, दुसरी पंखाला लागली. तो चाळीस-पन्नास पावलांवर पाण्यात पडला आणि पोहत समोरच्या उंच गवतात शिरला.

मिरी हललीही नाही. नजर तो शिरला त्या जागेवर खिळलेली. मी म्हटलं, "आण."

कडेला रात्रीत बर्फाचा पापुद्रा धरला होता. पुढच्या पायांनी तो फोडत ती निघाली, काचेची बशी फुटावी तसा आवाज. मधलं मोकळं पाणी पोहून गेली आणि गवतात दिसेनाशी झाली. मग नुसती गवताची टोकं हलताना दिसत होती. एकदा उजवीकडे, मग मागे, मग बराच वेळ कुठेच नाही. मी शिट्टी तोंडात धरून उभा, पण वाजवली नाही. वास तिच्या नाकात होता, माझ्या नाही. ओहोटी लागली होती आणि बर्फाचे तुकडे नकली बदकांना धडकत होते.

पाच-सात मिनिटांनी ती बाहेर आली, मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी खालच्या अंगाला. डोकं उंच धरलेलं. तोंडात गॅडवॉल, मान ताठ, डोळे उघडे, एक पीस विस्कटलेलं नाही. तिने तो माझ्या हातात दिला. टाकला नाही, दिला. मी लगेच मान मोडून त्याला संपवलं. हे लपवून सांगण्यात अर्थ नाही. मग तिने अंग झटकलं आणि केसांना लोंबणारे बर्फाचे मणी एकमेकांवर खुळखुळले. पैंजणाचा आवाज असतो ना, बारीक, तसा.

हाच माझा आनंद. पक्षी पडला तो नव्हे, तो सापडला तो.

याला मागची एक गोष्ट आहे. मिरी यायच्या आधी मी दोन हंगाम एकटा गेलो होतो. दुसऱ्या वर्षी एक बदक असंच पंखाला लागून गवतात गेलं. मी कंबरभर चिखलात दोन तास शोधलं. पाय रुतत होते, भरती चढत होती, शेवटी परत फिरावं लागलं. ते तिथेच कुठेतरी होतं, जिवंत. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या हंगामात मी बंदूक बाहेर काढलीच नाही. ज्या शेजाऱ्याने मला ही शिकार शिकवली तो म्हातारा एवढंच म्हणाला, की कुत्रा पाळ, नाहीतर सोडून दे. मारलेला पक्षी शोधायचा कसून प्रयत्न करायचा असं इथला कायदाही सांगतो. पण कायदा चिखलात उतरत नाही. मिरी उतरते. ती नसेल त्या दिवशी मी जाणार नाही, हे मी स्वतःशी पक्कं केलेलं आहे.

नियमांचं आणखी थोडं सांगतो, कारण इकडे वाट्टेल तशी शिकार चालते असं तिकडे पुष्कळांना वाटतं. एके काळी चालायची. एकोणिसाव्या शतकात याच उपसागरात होडीवर तोफेएवढ्या बंदुका बांधून झोपलेल्या थव्यांवर बार काढायचे आणि पिंपं भरभरून बदकं शहरातल्या हॉटेलांना जायची. १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने तो धंदा संपला. आता रानबदक विकता येत नाही. दिवसाला सहा, त्यातही जातीवार बंधनं. १९९१ पासून बदकांसाठी शिशाचे छर्रेही बंद, कारण तळाशी पडलेलं शिसं खाऊन पक्षी मरत. आणि दर वर्षी पंचवीस डॉलरचं तिकीट घ्यावं लागतं, डक स्टँप. १९३४ पासून ते आहे. त्यातल्या डॉलरमागे अठ्ठ्याण्णव सेंट पाणथळ जमिनी विकत वा भाड्याने घेऊन राखायला जातात. मी त्यावर शाईने सही करतो, हंगाम संपला की जुन्या बिस्किटांच्या डब्यात ठेवतो. मुलगी लहान असताना त्यावरच्या चित्रांवरून बदकं ओळखायला शिकली.

तुमच्या प्रश्नातला एक भाग मात्र भिगवणचा आहे, हे मला कळतंय. माझं बालपण उजनीच्या फुगवट्यावर गेलं हे तुम्हाला माहीत आहे. हिवाळ्यात पाणी काळं व्हायचं पक्ष्यांनी. थापट्या, तलवार बदक, आणि हो, गॅडवॉलसुद्धा. तिकडे ती सायबेरियाकडून येतात, इकडे कॅनडाच्या माळावरून, पण जात तीच. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. आपली तळी कमी, माणसं फार, आणि मोजदाद ठेवून हंगाम ठरवणारी व्यवस्था उभी नाही. इथे दर वर्षी विमानातून बदकं आणि तळी मोजतात, त्यावर पुढच्या वर्षीचा कोटा ठरतो. मी भिगवणला येतो तेव्हा दुर्बीण घेऊन होडीत बसतो. तोच मी. दोन्हीकडे पहाटे उठतो, दोन्हीकडे पंखांचा आवाज आला की श्वास धरतो.

जिवाचं म्हणाल, तर त्याचं ओझं वाटतं. वाटायलाच हवं. मी कोंबडी आणि मटण खातो. त्या कोंबडीची मान कधी माझ्या हातात आली नाही. या गॅडवॉलची आली. घरी आल्यावर त्याची पिसं मीच काढली, मागच्या अंगणात, तासभर लागला. छातीचं मांस लोखंडी तव्यावर थोडंसंच भाजलं, मीठ-मिरपूड एवढंच. पायांना मात्र आईच्या पद्धतीने सुकं खोबरं, कांदा आणि काळ्या मसाल्याचं वाटण लावून दोन तास मंद आचेवर ठेवलं. ज्वारीची भाकरी बायकोने केली. खाताना मुलीच्या दाताखाली एक छर्रा आला. तिने तो ताटाच्या कडेला ठेवला आणि हाड स्वच्छ होईपर्यंत खाल्लं. आमच्याकडे त्या पक्ष्यातलं काही टाकत नाहीत.

त्या दिवशी आणखी बदकं आली होती. तीनदा माझ्या टप्प्यात होती. एक मिळालं होतं, मिरी भिजली होती, आणि तिच्या पंज्यांच्या बोटांमध्ये बर्फाच्या गोळ्या धरल्या होत्या. मी हातमोजे काढून त्या एकेक करून हाताच्या उबेने वितळवत बसलो. ती मात्र माझ्या खांद्यावरून आभाळच बघत होती.

येत्या जानेवारीत तुम्ही मुलाकडे येणार आहात ना? एक पहाट माझ्यासाठी ठेवा. बंदूक धरायची गरज नाही. रबरी विजार तुमच्या मापाची माझ्याकडे आहे. गाडी चारला निघते, आणि पुढची सीट तुमची. मागची मिरीची आहे, ती सोडणार नाही.