आमची वाटचाल : मोडणाऱ्या शिल्पांचा धंदा

आमच्या स्टुडिओत एकही शिल्प नाही. केली ती सगळी मोडली, विरघळली, वाहून गेली. पानं, काटक्या, चिखल आणि बर्फ घेऊन उघड्यावर काम करायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार! शिल्पं मी करते. कॅमेरा आणि कॉम्प्युटर माझा भागीदार सांभाळतो. तिसरं माणूस ठेवावं इतकं काम आजही नाही.

सुरुवातीला आम्ही नुसते फोटो विकायचो. त्यात नवं काही नव्हतं. ब्रिटिश शिल्पकार रिचर्ड लाँग यांनी १९६७ मध्ये गवतावर येरझाऱ्या घालून उमटवलेली रेघही आज फोटोतच उरली आहे. मग फोटोग्रॅमेट्री, म्हणजे फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल उभं करणं, शिकलो. शिल्पाभोवती फिरत दीड-दोनशे फोटो काढायचे, प्रत्येकात आधीच्या फोटोतला निदान साठ-सत्तर टक्के भाग पुन्हा आला पाहिजे. सारखे ठिपके जुळवून सॉफ्टवेअर आकार उभा करतं. त्याला ढगाळ उजेड मानवतो. ओल्या पानावरची चकाकी मात्र आपण हललो की हलते, बर्फाच्या आरपार दिसतं, आणि ठिपके जुळत नाहीत. बर्फाच्या पहिल्या कमानीचं मॉडेल चघळून टाकलेल्या च्युइंगगमसारखं आलं होतं.

खरे फसलो ते ‘चक्र’ या शब्दापाशी. एका ग्राहकाला दर्शनी दालनातल्या पडद्यासाठी चक्रासारखी अखंड चालणारी फिल्म हवी होती. काट्यांनी टाचलेलं पानांचं वर्तुळ केलं आणि दिवसाउजेडी दर दहा मिनिटांनी एक, असे रोज सत्तरेक फोटो काढले. सेकंदाला २५ फोटो या वेगानं अख्खा दिवस तीन सेकंदांच्या आत संपतो. चाळीस दिवसांची दोन मिनिटंही भरली नाहीत. शेवटाहून सुरुवातीला जाताना चित्र उडी मारायचं, म्हणून शेवटाला पोचल्यावर आम्ही फिल्म तशीच उलटी चालवली. कुजलेलं पान हिरवं होत होत काट्यावर जाऊन बसलं. ग्राहक खूश, पैसेही वेळेवर आले.

मला ते बघवेना. पान काही आल्या पावली परत जात नाही. ते कुजतं, त्यातलं नत्र मातीत उतरतं आणि दुसऱ्याच रोपाच्या वाट्याला येतं.

पुढच्या कामात कॅमेरा वर्षभर एका जागी ठेवला. ट्रायपॉड ढळू नये म्हणून लोखंडी खुंट जमिनीत पक्के केले. तरी एका जनावरानं धडक दिलीच आणि तीन आठवडे गेले. तेवढी फिल्म काळीच ठेवली आहे. पुन्हा पानगळ आली तेव्हा त्याच जागी नवं वर्तुळ मांडलं आणि पहिल्याला जोडलं. फक्त मधोमध आता बोटभर रोप होतं. जोड दिसतो. दिसू दे.

ग्राहक म्हणाले, रोप पुसून टाका. मी त्यांना अमेरिकन शिल्पकार रॉबर्ट स्मिथसन यांच्या १९७० च्या ‘स्पायरल जेट्टी’ या गुंडाळीसारख्या दगडी बांधाबद्दल सांगितलं. युटामधल्या खाऱ्या सरोवरात काळ्या बसाल्टची ती वळणं बुडाली आणि कित्येक वर्षांनी वर आली ती मिठानं पांढरी होऊन. त्यांना पटलं नाही. ते काम गेलं, आणि त्या वर्षाचा हिशेब विचारू नका.

तेव्हापासून करारात दोन ओळी असतात : मुदत किमान एक वर्ष, निम्मे पैसे आगाऊ. या ओळी वाचून बरेच जण परत फिरतात. सध्या एक काम चालू आहे, चिखलाची गोगलगाय. पाठीला तडा गेलाय आणि त्यातून मुंग्यांची ये-जा सुरू झाली आहे. भागीदारानं कालच तिकडे जवळून टिपणारी लेन्स लावली.