पन्नास गोळ्यांचा हिशेब

खेळण्यातल्या मोठ्या बंदुकीच्या खोक्यावर दोन आकडे ठळक असतात. एका दमात किती गोळ्या सुटतात आणि त्या किती लांब जातात. रिकामी बंदूक पुन्हा भरायला किती वेळ लागतो, हे मात्र कोणी छापत नाही. फोमचे मऊ डार्ट उडवणारं हे धूड पारखताना मी नेमका तोच प्रश्न आधी विचारतो. माझ्या भाच्याला ही पद्धत मुळीच पसंत नाही. ‘‘मामा, तू खेळत नाहीस, नुसता मोजतोस!’’

पण मोजायला नको का? ५० डार्ट, सेकंदाला ३ असा वेग धरा. १७ सेकंदांत भांडवल खलास. मग खुर्च्या सरकवायच्या, पडदे झटकायचे, पलंगाखाली पोटावर सरपटत जायचं. सापडलेला प्रत्येक डार्ट पुसून, सरळ करून ड्रमच्या, म्हणजे डार्ट भरायच्या गोल डब्याच्या, खाचेत बसवायचा. घाईत एखादा उलटा बसतोच. हे काम मिनिटांचं, तेही सगळे डार्ट सापडले तर. आणि कपाटामागे गेलेला डार्ट दिवाळीच्या साफसफाईशिवाय हाती लागत नाही. शिवाय सहा गोळ्यांचं पिस्तूल घेतलेला धूर्त भिडू हा गोळीबार संपेपर्यंत दाराआड बसून राहतो आणि तुम्ही वेचायला वाकलात की निवांत बाहेर येतो.

तरीही या धुडांचा मोह सुटत नाही. नर्फ या अमेरिकी खेळण्यांच्या ब्रँडची २०१४ सालची ऱ्हायनो-फायर ही बंदूक घ्या. २५-२५ डार्टचे दोन ड्रम, आलटूनपालटून मागेपुढे होणाऱ्या दोन नळ्या, मोटार आणि खाली तिवई. तिवई काही शोभेची नाही. बंदुकीला सहा जाडे डी सेल लागतात. अल्कलाइनचा असा एक सेल साधारण १४० ग्रॅमचा, म्हणजे नुसत्या सेलचंच ओझं ८०० ग्रॅमच्या वर. गंमत अशी, की १९७० साली नर्फ या नावाने पहिल्यांदा बाजारात आला तो फोमचा एक साधा चेंडू. घरात फेकला तरी दिवा फुटू नये, खिडकीची काच तडकू नये, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा! त्या गरीब चेंडूच्या घराण्यात पुढे तिवईवरची तोफ निपजावी, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

आतली करामत मुख्यतः दोन तऱ्हांची. एकीत खटका मागे ओढून स्प्रिंग दाबायची. चाप ओढला की दट्ट्या पुढे धावतो आणि त्याच्यापुढची हवा डार्टला ढकलते. प्रत्येक गोळीला हाताचे कष्ट, पण सेलची कटकट नाही. दुसरीत विरुद्ध दिशांनी फिरणारी दोन चाकं डार्टला मध्ये दाबून बाहेर भिरकावतात. मोठ्या बंदुका बहुधा या दुसऱ्या जातीच्या. चाकांना वेग घ्यायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात त्यांची घरघर सगळ्या घराला तुमचा पत्ता सांगते. सलग मारा केला की चाकं दमतात, पुढचे डार्ट अलीकडेच पडायला लागतात. म्हणून पारखताना पहिली गोळी पाहू नये, दहावी-बारावी पाहावी. आणि कोरे करकरीत डार्टही भरू नयेत. कोणाच्या तरी पायाखाली येऊन कंबर मोडलेला एखादा मुद्दाम मध्ये घालावा. तो सुखरूप बाहेर पडला, तर बंदूक घेण्यासारखी. अडकलाच, तर वरची झडप उघडून मुलाला तो स्वतः काढता येतो का, तेही बघून घ्यावं. नाहीतर दर पाच मिनिटांनी लढाई थांबवून आपल्याला हाक येते.

पल्ल्याचं प्रकरण मी फार मनावर घेत नाही. नर्फच्या ‘एलिट’ नावाच्या डार्टसाठी ७५ फुटांपर्यंतचा दावा केला जायचा. पण एवढा आकडा गाठायला नळी वर कलवावी लागते. समोरच्या भिडूवर सरळ नेम धरला की डार्ट त्याच्या बराच आधी जमिनीला लागतो. डार्टचं वजन जेमतेम एक ग्रॅम, हवा त्याला लगेच अडवते. एवढ्या लांबून तो आलाच तर समोरचा आधी बघेल, मग हसेल आणि मग बाजूला होईल.

जवळून मारलेल्या डार्टची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१७ साली अशा डार्टमुळे डोळ्याच्या आत रक्तस्राव झालेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत मुलगा एकच, उरलेले दोघे चांगले मोठे! तेव्हा चष्मे सगळ्यांना, मामालाही. चेहऱ्यावर नेम धरणारा त्या दिवसापुरता बाद.

एवढं सगळं बोलून झाल्यावर कबूल करायला हवं, की त्या १७ सेकंदांची मजा लहान पिस्तुलात नाही. सगळं घर एकाच वेळी जमिनीवर आडवं होतं. तेव्हा घ्यायची तर घ्या, पण आणखी मोठ्या ड्रमच्या मागे न लागता त्याच मापाचा दुसरा ड्रम मिळतो का ते बघा. एक रिकामा होईस्तोवर घरातल्या कोणीतरी दुसरा भरून ठेवायचा. आणि जास्तीचे डार्ट त्याच दिवशी आणा, कारण खोक्यावरच्या आकड्याइतके डार्ट घरात फक्त पहिल्या संध्याकाळपर्यंतच असतात.