मुलाच्या हाउसमध्ये स्वयंसेवक पालक: माझा अनुभव

मेलबर्नमधल्या मुलांच्या खासगी शाळांचं वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होतं आणि लगेच हाउसकडून पालकांना ईमेल येतो: यंदा कोणकोण मदतीला येणार? आपल्याकडच्या शाळेतली लाल-पिवळी-हिरवी हाउसं क्रीडा दिनापुरती असतात. इथलं हाउस रोजचं असतं. आमच्या शाळेत एका हाउसात साधारण नव्वद मुलं, सातवी ते बारावी एकत्र. त्यांचे पंधरा-वीस जणांचे ट्यूटर गट. सकाळची हजेरी तिथेच. मुलाची तब्येत, गैरहजेरी, मित्रांशी बिनसलेलं, काहीही असो, पहिला फोन हेड ऑफ हाउसला. पोहणं, क्रॉस कंट्री, वादविवाद, समूहगान अशा स्पर्धांचे गुण वर्षभर जमत राहतात आणि नुसतं भाग घेतल्याचेही गुण मिळतात. त्यामुळे पोहायला कंटाळणारा मुलगाही एका शर्यतीला उभा राहतोच.

मदतीला नाव देण्याआधी कागद पुरे करावे लागतात, आणि आपल्या लोकांचा वेळ जातो तो इथेच. मेलबर्न ज्यात येतं त्या व्हिक्टोरिया राज्यात लहान मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी 'वर्किंग विथ चिल्ड्रन चेक' असतो, म्हणजे गुन्ह्यांची नोंद तपासून मिळणारं कार्ड. कायदा २०२० चा, वर्कर स्क्रीनिंग अ‍ॅक्ट. स्वयंसेवकाला फी नाही, मुदत पाच वर्षं, अर्ज सर्व्हिस व्हिक्टोरियाच्या संकेतस्थळावर. आपलं मूल नेहमी ज्या उपक्रमात भाग घेतं तिथे मदत करणाऱ्या पालकाला कायद्याने सूट आहे, पण त्या सवलतीवर विसंबू नका. हाउसच्या कामात तुमच्यासमोर इतरांचीच मुलं जास्त असतात आणि बहुतेक खासगी शाळा कार्ड पाहिल्याशिवाय रोस्टरवर नाव घालत नाहीत.

अर्ज अडतो तो नावावर. भारतीय पासपोर्टवर अनेकदा 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात. इथल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर मधलं नाव गळालेलं असतं, मेडिकेअर या सरकारी आरोग्ययोजनेच्या कार्डावर तिसरंच काही. संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी माणसं. अर्ज भरायला बसण्याआधी सगळी ओळखपत्रं टेबलावर मांडा आणि अक्षरन् अक्षर जुळणारी निवडा. न जुळणारं लायसन्स आधी दुरुस्त करून घेतलेलं परवडतं. दुसरी अडचण बायकांची. अर्जात पूर्वीची सगळी नावं विचारतात. माहेरचं नाव तिथे लिहायलाच हवं, आणि लग्नानंतर पहिलं नावही बदललं असेल तर तेही. पुरावा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला लागू शकतो. तो फक्त मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर करून ठेवा, कारण ऐन वेळी भाषांतरकार मिळता मिळत नाही.

अर्जात संस्था म्हणून शाळेचं नाव घालायचं. नंतर पत्ता बदलला किंवा दुसऱ्या संस्थेत मदत सुरू केली, तर २१ दिवसांत कळवायचं. स्वयंसेवकाच्या कार्डावर पगारी काम चालत नाही. शाळेच्या कँटीनमध्ये पुढेमागे नोकरी धरायचा विचार असेल, तर पैसे भरून कर्मचाऱ्याचं कार्डच काढा. त्यावर स्वयंसेवाही करता येते.

कार्डानंतर शाळेची आचारसंहिता आणि एक छोटं प्रशिक्षण. १ जुलै २०२२ पासून व्हिक्टोरियात बालसुरक्षेची अकरा मानकं लागू झाली आणि शाळांसाठीच्या मंत्रालयीन आदेश क्रमांक १३५९ मध्ये स्वयंसेवकही येतात. प्रशिक्षण कंटाळवाणं आहे, पण लक्ष देऊन करा. आल्यावर रिसेप्शनला नोंद, गळ्यात ओळखपट्टी, प्रसाधनगृह फक्त पाहुण्यांचं. पोहण्याच्या स्पर्धेला कपडे बदलण्याच्या खोलीकडे पालकाने फिरकायचं नाही, आत रडणारं पोर आपलंच असलं तरी. जवळच्या शिक्षकाला सांगायचं. कुठल्याही मुलाशी बंद खोलीत एकट्याने थांबायचं नाही, खासगी मेसेज करायचे नाहीत. "अरे काका, मला स्टेशनपर्यंत सोडाल?" या प्रश्नालाही, त्याच्या पालकांनी आधी सांगितलेलं नसेल तर, नाहीच म्हणायचं. मराठी कुटुंबांत सगळे एकमेकांचे काका-मावशी असल्याने हे जरा तुसडं वाटतं. वाटू द्या. आणखी एक: सोळा वर्षांखालच्या मुलावर प्रौढाकडून लैंगिक अत्याचार झाल्याचं सबळ कारणाने वाटलं, तर ते पोलिसांना कळवणं २०१४ पासून इथे प्रत्येक प्रौढावर कायद्याने बंधनकारक आहे. स्वयंसेवकही त्यात आला.

फोटोंवरून सर्वांत जास्त कटकटी होतात. आपल्या मुलाचा फोटो काढताना मागे चार मुलं येतात आणि त्यातल्या एखाद्याच्या घरी न्यायालयाचा ताब्याचा आदेश असू शकतो. त्यामुळे हाउसच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मुलांचे फोटो नाहीत, हा नियम गट सुरू होतानाच लिहून टाकावा. पालकांची संपर्क यादीही ज्यांनी स्वतः होकार दिला त्यांचीच करायची. शाळेच्या ऑफिसकडून यादी मिळत नाही आणि मागूही नये.

आता खरं काम. पहिल्या सत्रात हाउसच्या नव्या पालकांसाठी संध्याकाळी सॉसेज सिझल असतो, म्हणजे तव्यावर भाजलेले सॉसेज पावाच्या चकतीत घालून वाढायचे. व्हिक्टोरियाच्या अन्न कायद्यात शिजवून लगेच वाढलेला साधा सॉसेज सिझल सर्वांत खालच्या, चौथ्या वर्गात मोडतो: परवाना नाही, पण नगरपालिकेकडे नोंद लागते. ती शाळेच्या नावे आधीच आहे का, ते ऑफिसात विचारा. राज्याच्या आरोग्य खात्याचा 'डू फूड सेफली' हा मोफत ऑनलाइन पाठ वाढणाऱ्या प्रत्येकाने करून ठेवलेला बरा.

हिशेब असा धरतो. नव्वद मुलांना दोन-दोन, साठ मोठ्यांना एक-एक, म्हणजे २४० सॉसेज. पातळ सॉसेज किलोला तेराच्या आसपास बसतात, तेव्हा १८-१९ किलो. पावाच्या लादीतून कडेच्या दोन चकत्या सोडून वीसेक निघतात: १२ लाद्या. कांदा ५ किलो पुरतो, कारण अर्धी मुलं कांदा बाजूला काढतात. टोमॅटो सॉस ३ लिटर, बार्बेक्यू सॉस १ लिटर, मस्टर्डची एक बाटली. शाकाहारी सॉसेज २५ घ्या आणि ते आधी मोठ्यांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवा. नाहीतर 'चव बघू' म्हणणारेच ते संपवतात आणि शाकाहारी मुलगा नुसता पाव-कांदा खातो. मांसाचे सगळेच सॉसेज हलाल बीफचे घेतले की एक प्रश्न सुटतो, मात्र बीफ न खाणाऱ्या घरांसाठी हलाल चिकनचे ४० वेगळे लागतात. म्हणजे तीन प्रकार, तीन चिमटे, आणि शाकाहारीसाठी वेगळी शेगडी. एकाच तव्याच्या कोपऱ्यात भाजलेलं शाकाहारी आपल्यातल्या कित्येकांना चालत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

चार बर्नरच्या तव्यावर एका वेळी चाळीसेक मावतात आणि १०-१२ मिनिटं लागतात. कागदावर तासाला दोनशे होतात, पण मुलं तासभर वाट पाहत नाहीत, दहा मिनिटांत सगळी येतात. म्हणून शाकाहारी शेगडी सोडून दोन तवे, आणि अर्धा तास आधी सुरुवात. भाजलेले झाकून ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवायचे, कच्चे बर्फाच्या पेटीत ५ अंशांखाली. सॉसेज खिम्याचा असल्याने जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात; वरून तांबूस झाला म्हणजे झाला असं नाही. टोचायचा थर्मामीटर मधोमध ७५ दाखवायला हवा. कच्च्याच्या चिमट्याला लाल टेप लावा. कांदा सॉसेजच्या खाली घालायचा, वर नाही. बनिंग्ज या हार्डवेअर दुकानाने २०१८ मध्ये, कांदा जमिनीवर पडून कोणी घसरू नये म्हणून, हा नियम केला तेव्हा देशभर हसू झालं होतं. नव्वद मुलांना वाढल्यावर तो पटतो.

गॅसचं ९ किलोचं सिलिंडर भरलेलं आणि एक जादा. जोडणीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहायचं. फेब्रुवारीत 'टोटल फायर बॅन', म्हणजे वणव्याच्या धोक्यामुळे उघड्यावर आग पेटवायला बंदी, जाहीर झाला तर गॅसच्या शेगडीभोवती ३ मीटर मोकळी जागा, हाताशी नळी किंवा १० लिटर पाणी आणि सतत एक मोठा माणूस उभा हवा. एवढी जमवाजमव करण्यापेक्षा त्या दिवशी पिझ्झा मागवावा, असं माझं मत.

समोसे, बटाटेवडे घरून करून आणू का, असं नवे मराठी पालक हमखास विचारतात. घरचं अन्न बऱ्याच शाळा घेत नाहीत. घेतलं तर घटकांची पूर्ण यादी डब्यावर चिकटवून. आपल्या स्वयंपाकात शेंगदाण्याचं कूट कुठे शिरलेलं असतं याचा आपल्यालाच पत्ता नसतो: वड्यासोबतची सुकी चटणी, कोशिंबीर, खिचडी. तीळही इथे जाहीर करावाच लागणारा घटक आहे. शाळा सुरू होते तेव्हा रथसप्तमी जवळ असते; तिळगूळ घरीच वाटा. बाजारच्या सॉसेजचं वेष्टनही फेकू नका, त्यात गहू आणि २२० ते २२८ क्रमांकांचे सल्फाइट असू शकतात, आणि कुणीतरी आई येऊन विचारतेच.

समूहगानाच्या स्पर्धेत पालकांना काम जवळपास नाही, आणि तसंच असावं. गाणं बारावीची मुलं निवडतात आणि तालीमही तीच घेतात. आवाज नुकता फुटलेल्या आठवी-नववीच्या मुलांना कुठे उभं करायचं, हे त्यांना शिक्षकांपेक्षा बरं कळतं. पालकांनी टाय, बटणं, सुईदोरा, पाण्याच्या बाटल्या एवढं पाहावं. चांगल्या हेतूने सूर सुधारायला गेलेल्या पालकाला मुलं सभ्यपणे ऐकून घेतात आणि पुढच्या तालमीची वेळ सांगत नाहीत.

जुन्या गणवेशाचं दुकान मात्र पूर्ण पालकांच्या जिवावर चालतं. ब्लेझर छातीच्या मापाने लावायचे, बाहीची लांबी कार्डावर लिहायची. इस्त्रीने चिकटवलेली नावं धुण्यात निघतात, शिवलेली टिकतात. हाउसच्या हरवलेल्या सामानाच्या पेटीत नाव नसलेले ब्लेझर ढीगभर असतात.

हे सगळं जमवणाऱ्या, हाउसच्या पालक प्रतिनिधीची मुदत एका वर्षाची. नोव्हेंबरमध्ये पुढच्याला काय द्यायचं ते ठरलेलं आहे: खर्चाच्या पावत्या, वरचा हिशेब आणि किती उरलं याची नोंद, सॉसेजवाल्याचा फोन, अ‍ॅलर्जीबद्दल शाळेत कुणाला विचारायचं ते नाव. पालकांची संपर्क यादी द्यायची नाही. तिच्यासाठी नव्या वर्षी नव्याने होकार घ्यावे लागतात.